घबराट आधी की दारू आधी? नवऱ्यासाठी डॉक्टर शोधतेय

अबोली_२२
नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. आयडी मुद्दाम नवा घेतलाय, जुन्या आयडीला नात्यातले लोक ओळखतात.

नवरा ३९ वर्षांचा, नाशिकला एका कंपनीत सुपरवायझर. सासरे करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. त्यानंतर पाच-सहा महिन्यांनी एका रात्री ह्याला एकदम धडधड, हातापायांना मुंग्या, घाम. "मला धर, मी चाललो" असं म्हणायला लागला. रिक्षा करून दवाखान्यात नेलं. इसीजी नॉर्मल. मग असं अजून तीनदा झालं. आजवर चार इसीजी, एक टूडी एको, एक स्ट्रेस टेस्ट आणि थायरॉइड करून झालंय, फाइल जाडजूड झालीय आणि प्रत्येक कागदावर नॉर्मल लिहिलंय. शेवटी एका डॉक्टरांनी "टेन्शन घेऊ नका" म्हणून अल्प्राझोलामची गोळी लिहून दिली. पंधरा दिवसांसाठी.

ती गोळी अजून चालू आहे. पाकिटात नोटांच्या मागे स्ट्रिप असते.

आणि दारू. आधी शनिवारची होती, आता रोज एक क्वार्टर, कधी जास्त. त्याचं म्हणणं, "नाही घेतली तर छाती धडधडते, हेच माझं औषध आहे." सकाळी हात इतके थरथरतात की कप बशीवर वाजतो. सासूबाईंच्या कानावर जाऊ नये म्हणून मी आता चहा मगमध्ये देते.

तो भांडत नाही, हात उगारत नाही, पगार घरी येतो. म्हणूनच कुणाला सांगितलं तर "मग प्रॉब्लेम काय आहे?" असं विचारतात.

मागच्या महिन्यात कसाबसा तयार झाला. एका मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो, ते म्हणाले, "आधी दारू सोडवून आणा, मग घबराटीचं बघू." एका व्यसनमुक्ती केंद्रात फोन केला तर तिथले म्हणाले, "आमच्याकडे मानसिक आजाराच्या गोळ्या चालत नाहीत. आधी ते बरं करा, मग या." ह्या टोलवाटोलवीत त्याची तयारीच मावळत चाललीय. दोन्ही एकत्र बघणारं कुणी असतं का? शोधायचं कसं?

साळुंकी
अबोली, तुला एक घट्ट मिठी. मगचं वाचून गलबलून आलं.
डॉक्टर मिळेपर्यंत १४४१६ हा नंबर जवळ ठेव. टेलिमानस, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. व्यसनासाठी १४४४६ ही वेगळी हेल्पलाइन आहे. घरच्यांनी केला तरी चालतो, पेशंटनेच करायला हवा असं नाही.

आप्पा_देवरुखकर
स्पष्ट बोलतो, राग नसावा. हे सगळं मनाच्या कमकुवतपणाचं आहे. आमचे आजोबा रोज पिणारे. पंढरपूरला गेले, माळ घातली, त्या दिवसापासून थेंब नाही. गोळ्या नाहीत, काउन्सेलिंग नाही. एका झटक्यात बंद करायला सांगा, चार दिवस त्रास होईल, मग सुटेल.

कडुनिंब
आप्पा, आजोबांना नमस्कार. पण "एका झटक्यात बंद" हा सल्ला कृपया मागे घ्या, आणि अबोलीताई, तो वाचलाच नाही असं समजा.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, बराच काळ सरकारी रुग्णालयात होतो. पेशंट न बघता निदान करत नाही, तेव्हा हे सर्वसाधारण समजावं.

रोज पिणाऱ्या माणसाने दारू अचानक थांबवली की सहा-आठ तासांत थरथर, घाम, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतात, दिवस-रात्र कळत नाही, अंगावर किडे चालल्यासारखं वाटतं. ही अवस्था जिवावर बेतू शकते. तुमच्या घरी शिवाय अल्प्राझोलामही आहे, तीही एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. दोन्ही एकाच रात्री बंद करणं म्हणजे धोका दुप्पट. आणि दोन्ही एकत्र घेणंही वाईटच, झोपेत श्वास मंदावतो. म्हणून त्याला सोडायला लावू नका, वाढवू देऊ नका, आणि लवकरात लवकर डॉक्टर गाठा. मधल्या काळात फिट आली, बरळायला लागला, किंवा "जगून काय करू" अशी भाषा आली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या.

आता "आधी काय?" हा प्रश्न. दारू मेंदूला शांत करते, तेव्हा मेंदू तिच्याशी झुंजायला स्वतःला कायम जागं ठेवायला शिकतो. रात्री दारू उतरते, पण ते जागेपण उतरत नाही. म्हणून पहाटे तीनला दचकून जाग येते, छाती धडधडते. माणसाला वाटतं, माझी घबराट किती वाईट आहे बघा. त्यातली निम्मी कालच्या क्वार्टरचीच असते. पण उरलेली निम्मी खरी असू शकते. पॅनिकचा (असे घबराटीचे झटके येण्याचा) आजार दारूच्या आधीचा असू शकतो आणि तो तसाच ठेवून दारू सोडवली तर माणूस महिन्या-दोन महिन्यांत परत बाटलीकडे जातो. त्यामुळे उपचार एकाच माणसाने, किंवा एकमेकांशी बोलणाऱ्या दोन माणसांनी, एकाच वेळी करायला हवेत. तुम्हाला मिळालेली दोन्ही उत्तरं मला पटत नाहीत.

दारू सुटल्यावर साधारण महिनाभराने चित्र स्पष्ट होतं. तेव्हाही घबराट तशीच असेल तर ती स्वतंत्र आजार म्हणून धरतात. पण त्याआधीही अंदाज बांधता येतो, आणि त्यासाठी मी ओपीडीत एक प्रश्न हमखास विचारायचो. श्रावण पाळता का? आपल्याकडे गटारीला पोटभर पिऊन महिनाभर बंद ठेवणारे ढिगाने आहेत. त्या महिन्यात, पहिला आठवडा सोडून, घबराट कमी झाली की तशीच राहिली? याच्या उत्तरातून जे कळतं ते दहा तपासण्यांतून कळत नाही.

त्याला विचारून बघा. सकाळी नको, जेवण झाल्यावर, सहज.

शेवगा
ताई, जेवणातून कळू न देता द्यायची एक आयुर्वेदिक पावडर मिळते. माझ्या मावसभावाला दिली होती, चव-वास काही नाही. नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू का?

कडुनिंब
नका करू. अशा पुड्यांत काय असतं ते पुडीवर लिहिलेलं नसतं. आणि डायसल्फिराम नावाचं खरं औषध जरी असलं, तरी ते घेणाऱ्याला माहीत नसताना देणं धोक्याचं आहे. त्यावर दारू प्यायली की चेहरा लालबुंद होतो, उलट्या, धडधड, बीपी कोसळतं. ज्या माणसाला आधीच वाटतंय की आपण हार्ट अटॅकने मरणार, त्याला हे नकळत द्यायचं? शिवाय ज्या दिवशी त्याला कळेल त्या दिवसापासून तो घरचं जेवणही विश्वासाने जेवणार नाही.

अबोली_२२
विचारलं.

आधी म्हणाला, "श्रावण काय, मी बाराही महिने सोडू शकतो." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाला की सासरे असेपर्यंत तो दरवर्षी श्रावण पाळायचा आणि काही त्रास व्हायचा नाही. ते गेल्यानंतरच्या पुढच्या श्रावणात, अ‍ॅटॅक सुरू झाल्यावरच्या, त्याने वडिलांच्या नावाने बंद केली. आठवडाभर झोप नाही. कंपनीच्या बसमधून तो दोनदा मध्येच उतरला होता, मला हे माहीतच नव्हतं. तेव्हा त्याने रात्रीची अर्धी गोळी एक केली, मग दिवसा पण एक. मेडिकलवाला ओळखीचा आहे, चिठ्ठी मागत नाही. श्रावण संपल्यावर दारू परत आली, गोळ्या मात्र तशाच राहिल्या.

मी आणि सासूबाई त्या महिन्यात किती खूश होतो. "बघ, ठरवलं की जमतं त्याला," असं मी आईला फोनवर सांगितलं होतं.

कडुनिंब
हे जसंच्या तसं कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्या. गोळ्यांचा दिवसाचा खरा आकडाही, स्ट्रिप मोजून. पेशंट दारू कमी सांगतो हे आम्ही धरूनच चालतो, गोळ्या मात्र आम्ही विचारायला विसरतो.

रिकामा_पेला
दारू सुटून आठ वर्षं झाली, पहिल्यांदाच इथे याबद्दल लिहितोय.

मी डोंबिवलीचा. घबराट लोकलमध्ये सुरू झाली. तेव्हा फास्ट गाड्या पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. एकदा बोगद्यात गाडी थांबली, दिवे गेले, चार मिनिटं असेल फार तर. त्या दिवसानंतर मी स्लो पकडायला लागलो. मग स्लोही नको वाटायला लागली, मग निघण्याआधी सकाळी साडेसातला एक नाइन्टी. लोकांना वाटायचं बेवडा आहे, सकाळीच सुरू करतो. मला बोगदा पार करायचा असायचा.

मी पण एका श्रावणातच पडलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी देवासमोर फिट आली. बायकोने चप्पल हुंगवली, कांदा हुंगवला. (फिट आली की यातलं काही करायचं नसतं. माणसाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही घालायचं नाही, दवाखान्यात न्यायचं.)

त्यानंतर घरच्यांनी मला एका केंद्रात टाकलं. नाव लिहीत नाही. रात्री दोन माणसं गाडी घेऊन आली, हात धरून नेलं. तिथे डॉक्टर आठवड्यातून एकदा सही करायला यायचा. घबराटीच्या गोळ्या पहिल्याच दिवशी काढून घेतल्या, "ही पण नशाच." दार बाहेरून बंद. ज्याला बोगद्याची भीती आहे त्याला कडी लावलेल्या खोलीत तीन महिने. बाहेर आलो आणि स्टेशनच्या आधीच बारमध्ये शिरलो.

अबोलीताई, म्हणून केंद्र निवडताना लाजू नका, विचारा. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आहे का, कागद बघा. सायकियाट्रिस्ट रोज असतात की बोलावल्यावर येतात? पहिले आठ दिवस, म्हणजे डिटॉक्स, कोण बघतं, रात्री फिट आली तर कुठे नेतात? चालू असलेल्या गोळ्यांचं काय करतात? घरच्यांना भेटू देतात का, फोन देतात का? "तीन महिने भेटायचं नाही" म्हणाले तर फोन ठेवा. आणि उचलून न्यायला गाडी पाठवतो म्हणणाऱ्याला दारात उभं करू नका. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा व्यसनालाही लागू आहे. नुसत्या बायकोच्या किंवा भावाच्या सहीवर कुणाला कोंडता येत नाही. माणूस स्वतः तयार नसेल तर दोन जणांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक सायकियाट्रिस्ट, आणि तरीही पहिली मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची. मला हे तेव्हा कुणी सांगितलं नाही, कायदाही नंतरचा.

दुसऱ्या वेळी मी स्वतःच्या पायाने एका म्युनिसिपल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात गेलो. केसपेपर दहा रुपये, रांग तीन तास. नऊ दिवस वॉर्डात ठेवलं, रोज बी-वनचं इंजेक्शन, थरथर कमी होईल तशा गोळ्या उतरवत नेल्या. आणि तिथल्या सायकॉलॉजिस्ट बाईंनी जे केलं ते मी कुणालाही सांगतो. मला म्हणाल्या, चला, जिना चढू. तीन मजले धावत. वर पोचल्यावर मी घामाघूम, छाती फुटतेय. म्हणाल्या, "आता सांगा, बोगद्यात असंच होतं ना? मग आता मरताय का?" मला हसू आलं आणि रडूही. पुढचे दोन महिने हाच धंदा. जिना, मग गोल गोल फिरून चक्कर आणायची, मग स्ट्रॉमधून श्वास, मग त्या बाईंबरोबर लोकलने ठाणे ते दिवा, मग एकट्याने. ह्याला सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी) म्हणतात हे मला नंतर कळलं.

त्याच्या जोडीने एए, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचा गट. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मराठीतून मीटिंगा असतात, फी नाही, नाव विचारत नाहीत. तिथे एक जुने गृहस्थ मला म्हणाले की सायकियाट्रिस्टची गोळी घेतोस म्हणजे अजून तू कोरडा नाहीस. दोन दिवस मी ती बंद केली. मग माझ्या स्पॉन्सरने (एएमध्ये नव्या माणसाला सांभाळणारा जुना सदस्य) झापलं, "मीटिंगमध्ये कुणीही डॉक्टर होऊ नये, हे आपल्याच पुस्तिकेत लिहिलंय." तेव्हा असं कुणी बोललं तर मनावर घेऊ नका. आणि घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन असतं. ताई, ते तुमच्यासाठी.

साळुंकी
रिकामा_पेला, ___/\___

आप्पा_देवरुखकर
माझा वरचा प्रतिसाद मागे घेतो. आजोबांना माळ घातल्यावर पहिल्या आठवड्यात काय झालं हे आज आत्याला फोन करून विचारलं. म्हणाली, चार दिवस खाटेला बांधून ठेवलं होतं. हे घरात कुणी कधी बोललंच नाही.

निनावी_च_बरी
माझं उलटं आहे. दारू नाही, फक्त गोळी. तीच. सात वर्षं. बाळंतपणानंतर झोप येत नव्हती म्हणून आमच्या फॅमिली डॉक्टरांनी दिली होती. आता एक वेळ चुकली तर तोंड कोरडं, हात गार, मुलांवर ओरडते. हे व्यसन म्हणायचं का? मला त्या केंद्रांत पुरुषांमध्ये जायची कल्पनाच करवत नाही.

कडुनिंब
शरीराला सवय लागलीय, त्याला नाव काहीही द्या. चूक तुमची नाही, ती गोळी इतकी वर्षं द्यायची नव्हती. एकदम थांबवू नका. आम्ही बहुधा ती बदलून जास्त वेळ अंगात टिकणारी, त्याच जातीची गोळी देतो आणि महिनोन् महिने थोडी थोडी कमी करतो. सोबत घबराटीचं मूळ औषध, एसएसआरआय, सुरू करतो. त्याची सवय लागत नाही, पण परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्त लागतात, आणि पहिल्या आठवड्यात अस्वस्थता वाढल्यासारखी वाटू शकते. बहुतेक लोक नेमकं तेव्हाच सोडून देतात. तुमचं बहुतेक ओपीडीतच होईल, भरती लागेलच असं नाही. लागलीच तर पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा स्त्रियांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग आहे.

हिशेबी
पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं, असं त्याच २०१७ च्या कायद्यात आहे. पण पॉलिसीच्या कागदात वगळलेल्या गोष्टींची जी यादी असते तिच्यात बारावा कोड बघा, 'दारू, अमली पदार्थ किंवा कुठलंही व्यसन आणि त्याचे परिणाम'. म्हणजे पॅनिकसाठी भरती झालात तर क्लेम होतो, डिस्चार्ज कार्डावर दारूचा उल्लेख आला की वाद सुरू. डॉक्टरांना खोटं लिहायला सांगू नका, ते पुढे अंगाशी येतं. भरतीच्या आधीच टीपीएला (विमा कंपनीतर्फे क्लेम बघणारी संस्था) लेखी विचारा. आणि सरकारी रुग्णालयाचा पर्याय हलक्यात घेऊ नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार ओपीडी असते. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे, पुण्यात ससून. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथली प्रादेशिक मनोरुग्णालयंही आहेत, आणि तिथल्या ओपीडीत जाणं म्हणजे "ठाण्याला टाकणं" नव्हे.

मांडवीकाठ
गोव्यातून. आमच्याकडे दारू स्वस्त आणि सल्ले फुकट. संगत या संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एक प्रयोग केला होता. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी जास्त पिणाऱ्या पुरुषांशी चार बैठकांपर्यंत बोलायचं. त्याचा चांगला निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आला. पण ते व्यसन पूर्ण जडायच्या आधीच्या लोकांसाठी. थरथर सुरू झालेल्याला बांबोळीच्या मानसोपचार संस्थेतच नेतात.

जर्सी_सिटीकर
माझा रूममेट याच चक्रात होता, दारू आणि झॅनॅक्स (हीच अल्प्राझोलाम). अमेरिकेतल्या कुणाला लागलं तर १-८००-६६२-४३५७, सरकारी, मोफत, चोवीस तास. "दोन्ही एकत्र बघणारे हवेत" असं फोनवर आधीच सांगायचं, त्याप्रमाणे पत्ते देतात.

टपरी_नं_४
अवांतर: क्वार्टर म्हणजे १८० मिली ना? रोज?

साळुंकी
टपरी, धागा वाच जरा आधी.

अबोली_२२
दीड महिन्याने धागा वर काढतेय. सगळ्यांना वेगवेगळं उत्तर देणं जमलं नाही, माफ करा.

जर्सी_सिटीकर यांनी सांगितल्याप्रमाणे अपॉइंटमेंट घेतानाच रिसेप्शनला विचारायचं ठरवलं, "डॉक्टर घबराट आणि दारू दोन्ही एकत्र बघतात का, आणि भरती लागली तर कुठे करतात?" तिसऱ्या फोनला नीट उत्तर मिळालं. डॉक्टरांनी ह्याच्याशी आधी एकट्याने चाळीस मिनिटं बोलून घेतलं, मग मला आत बोलावलं. माझा कागद वाचला. स्ट्रिप मागितली. त्याने पाकिटातून एक काढली, बॅगेतून एक काढली, आणि मग माझ्याकडे न बघता गाडीच्या डिकीतून तिसरी आणली.

आठ दिवस जनरल हॉस्पिटलमध्येच भरती, वेगळ्या केंद्रात नाही. तिसऱ्या रात्री तो भिंतीवर हात फिरवत "बाबा आलेत" म्हणाला, मी नर्सला ओढतच आणलं. सकाळी त्याला काही आठवत नव्हतं. लिव्हरचे आकडे वाढलेत पण सुधारण्यासारखे आहेत म्हणाले. कंपनीत मेडिकल सर्टिफिकेटवर काय लिहायचं याची मला सगळ्यात धास्ती होती. पेशंटच्या परवानगीशिवाय कंपनीला आजार कळवता येत नाही, असं डॉक्टरच म्हणाले, आणि "वैद्यकीय कारणास्तव विश्रांती" एवढंच लिहून दिलं.

घरी येऊन ३७ दिवस झाले. त्यातला २३ वा दिवस चुलत दिराच्या हळदीचा. दोन पेग. रात्री स्वतःहून सांगितलं. मी काही बोलले नाही, आत जाऊन उशीत तोंड खुपसून रडले. डॉक्टर म्हणाले, सांगितलं हे चांगलं झालं, आता हळदीला कोण कोण होतं, पहिला पेग कुणी हातात दिला, ते लिहा. भांडण वगैरे नाही, नुसती यादी. त्यात तिसरं नाव त्याच्या मोठ्या भावाचं निघालं. दिरांशी बोलायचं आहे, अजून धीर झालेला नाही.

घबराट गेलेली नाही. पहाटेची जाग कमी झालीय, बस मात्र अजून चुकवतो, बाइकने जातो. जिन्याचं मी त्याला रिकामा_पेला यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. म्हणाला, "हा माणूस खरा आहे का?" मग दोनदा वाचला.

सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला काय कप वाजलेला ऐकू येत नव्हता?"

येत्या मंगळवारी पुढची तारीख आहे. रात्रीची गोळी अजून किती दिवस, सायकॉलॉजिस्ट नाशिकमध्येच बघतील का, आणि येत्या श्रावणाचं काय करायचं, एवढे प्रश्न लिहिलेत. अजून काही सुचत असेल तर सोमवारपर्यंत सांगा.

कडुनिंब
लिव्हरची तपासणी परत कधी ते विचारा. दारूची ओढ कमी करणारं औषध त्याला चालेल का, तेही विचारा. त्यातली काही लिव्हर बघूनच देतात. सायकॉलॉजिस्ट शोधताना क्लिनिकल आहेत का आणि आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आहे का ते बघा. तो नंबर मागितला तर कुणी रागावत नाही, आणि रागावलं तर दुसरे शोधा.

रिकामा_पेला
खरा आहे म्हणावं. फोन नंबर व्यनि केलाय. रात्री अकरापर्यंत कधीही.